करडं, कोयोटी आणि आठशे डॉलर

वाचकांचे प्रश्न

या वेळी पेटीत एकाच विषयावरची बरीच पत्रं निघाली: कोयोटीसाठी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) रायफल. पहिलं पत्र सगळ्यात मोठं आहे, त्याचं उत्तरही लांबलंय, बाकीची थोडक्यात घेतो.

प्रश्न: काका, नमस्कार. टेक्सासमध्ये हिल कंट्रीत आम्ही दोन वर्षांपूर्वी १२ एकर जागा घेतली, जवळजवळ चौकोनी तुकडा आहे, मधोमध घर आणि अकरा शेळ्या. जानेवारीपासून कोयोटींनी तीन करडं नेली, तिसरं तर दिवसाढवळ्या, मी खिडकीतून बघत होतो आणि पायात चप्पल सरकवेपर्यंत तो कुंपणापलीकडे गेलासुद्धा. शेजारचा रँचर (मोठ्या रानावर गुरं पाळणारा) म्हणतो रायफल घे. मी लहानपणी जत्रेत फुगे फोडले तेवढाच माझा अनुभव. कॅलिबरचं (काडतुसाच्या मापाचं) विचारलं तर दुकानातला माणूस म्हणतो ६.५ क्रीडमोर घ्या, भाचा म्हणतो .२२-२५० घे, यूट्यूबवर तर डोकं फिरतं. बजेट स्कोप (नेमाची दुर्बीण), गोळ्या सगळं धरून ८०० डॉलर. बोल्ट-अ‍ॅक्शन (दर बाराला हाताने दांडी ओढून काडतूस भरायची) हवी एवढं ठरलंय. कोणती घेऊ?

उत्तर: दुकानात परत जायच्या आधी कागद-पेन घ्या. एक एकर म्हणजे ४,८४० चौरस यार्ड, बारा एकराचे झाले ५८,०८०, चौकोनी तुकडा असेल तर एक बाजू पडते २४० यार्डांच्या आसपास. घर मधोमध, म्हणजे कुंपण तुमच्यापासून कसंबसं १२० यार्डांवर. मग ५०० यार्ड मारणारी रायफल घेऊन तुम्ही करणार काय, शेजाऱ्याच्या गाई मोजणार? गंमत सोडा, पण टेक्सासमध्ये आपली गोळी दुसऱ्याच्या हद्दीत जाणार हे माहीत असताना ती झाडणं हा गुन्हा आहे, त्या मालकाशी लेखी करार असेल तर गोष्ट वेगळी. तो रँचर स्वतःच रायफल घे म्हणतोय ना, मग त्याच्याकडून तसा कागद लिहून घ्या, तोंडी "हो हो चालेल" वर जाऊ नका.

आणि कागद मिळाला तरी गोळीच्या मागे माती हवी. .२२३ सारखी बारकी गोळीसुद्धा वाटेत काही आडवं आलं नाही तर दोनेक मैल जाऊ शकते. त्यामुळे बसायची जागा उंचावर शोधा, म्हणजे बार खाली जमिनीकडे जाईल. टेकाडाच्या कडेवर आभाळाला टेकून कोयोटी उभा दिसला की फोटो झकास येतो, गोळी मात्र तिथे झाडायची नाही.

आता कॅलिबर. माझं मत .२२३ रेमिंग्टन, आणि मला फार विचारही करावा लागला नाही. कोयोटी म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा थोडा थोराड प्राणी, पश्चिमेकडचे साधारण २० ते ३५ पौंडांचे, हिवाळ्यात केस फुगलेले असले की लांडग्याएवढा वाटतो पण आतला देह छोटाच असतो. .२२३ ची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी ३,२४० फूट प्रति सेकंदाच्या आसपास सुटते, तुमच्या सगळ्या शेतात कुठेही ती पुरून उरते. भाचा म्हणतो त्या .२२-२५० मध्ये तेवढ्याच वजनाची गोळी ३,६८० च्या आसपास जाते, सपाट जाते हे खरं आहे, पण तो फायदा ३०० यार्डांपुढे जाणवतो आणि तुमचं शेत तर २४० ला संपतं! वर काडतूस महाग, बारूद जास्त जळते म्हणून नळी लवकर झिजते. ६.५ क्रीडमोर चांगलीच आहे, पण ती हरणासाठी आणि लांबच्या टार्गेटसाठी, कोयोटीला ती म्हणजे डासाला वहाण. .२०४ रुगर भन्नाट वेगवान आहे पण गोळी हलकी, वाऱ्यात वाहवते आणि गावातल्या छोट्या दुकानात काडतूस मिळेलच असं नाही. उद्या हरणाच्या शिकारीचाही बेत असेल तरच .२४३ विंचेस्टरचा विचार करा.

.२२३ घ्यायचं अजून एक कारण आहे आणि नवीन माणसासाठी मला तेच सगळ्यात मोठं वाटतं, तिचा झटका अगदी कमी. जोरात झटका देणाऱ्या रायफलने शिकलात की चारपाच बारांनंतर शरीर आपोआप घाबरायला लागतं, ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, आणि ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही. शिवाय सरावाची काडतुसं स्वस्त, म्हणजे तुम्ही सराव खरंच कराल. फक्त एक लक्षात ठेवा, नळीवर ".२२३ रेम" एवढंच कोरलं असेल तर तिच्यात ५.५६ नाटोची काडतुसं घालायची नाहीत, दिसायला दोन्ही सारखीच असली तरी ५.५६ चा दाब जास्त असू शकतो. नळीवर ५.५६ असेल तर दोन्ही चालतात.

आता रायफल. तुमच्या बजेटात खरं म्हणजे दोनच नावं घेतो, सॅव्हेज अ‍ॅक्सिस आणि रुगर अमेरिकन. अ‍ॅक्सिस साधारण चारशेच्या आसपास बसते, अमेरिकन तिच्यापेक्षा शंभर-दीडशे वर, दुकानागणिक आणि सेलगणिक फरक पडतो. स्वस्त म्हणजे नेम वाईट असं पूर्वी असायचं, आता राहिलं नाही. त्याचं एक कारण नळी आणि अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो भाग) जिथे जुळतात तिथे असलेला मोठा नट. सॅव्हेजने १९५८ च्या ११० मॉडेलपासून तो वापरला. काडतूस चेंबरमध्ये किती खोल बसतं ते माप यात नट फिरवून गेजवर जमवता येतं, त्यासाठी कारागिराला कानस घेऊन घासत बसावं लागत नाही. रुगर अमेरिकनमध्येही तीच पद्धत आहे. म्हणजे कंपनी पैसे वाचवते ते दस्त्यात, दिसण्यात, मॅगझिनच्या प्लास्टिकमध्ये, नळीत फारसे नाही.

अ‍ॅक्सिस घेतलीत तर अ‍ॅक्यूट्रिगरवालीच घ्या, ट्रिगरच्या मध्यात एक पातळ पातं दिसतं ती. साध्या अ‍ॅक्सिसचा जुना ट्रिगर जड, दाबता दाबता नेम हलतो. तिचा बोल्ट सुरुवातीला खरखरतो, पण संध्याकाळी टीव्हीसमोर रिकामी रायफल (दोनदा बघून, बोटाने चाचपून रिकामी, गोळ्या दुसऱ्या खोलीत!) घेऊन दोनतीनशे वेळा मागेपुढे केला आणि लग्सना (बोल्टच्या पुढच्या खुंट्यांना) किंचित ग्रीस लावलं की बराच सुधारतो. अमेरिकनचा बोल्ट ७० अंशातच उघडतो, म्हणजे दांडी स्कोपला कमी नडते, थंडीत हातमोजे घातलेले असताना हे कळतं. तिचं प्रेडेटर मॉडेल कोयोटीवाल्यांसाठीच आहे, .२२३ मध्ये २२ इंची नळी. तेवढे पैसे उरत असतील तर मी ते घेईन, नसतील तर अ‍ॅक्सिस घेऊन शांत झोपेन. फिनलंडची टिक्का दुकानात हातातही धरू नका, बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि मग बजेटचं काही खरं नाही.

दुकानात एक छोटी परीक्षा करून बघा. एक डॉलरची नोट घ्या आणि नळी आणि दस्त्याच्या मधून, पुढच्या टोकापासून आत सरकवत न्या. सुळकन चेंबरपर्यंत गेली तर छान. आता दस्त्याचं पुढचं टोक काउंटरवरच्या बॅगवर टेकवा, वरून रायफलवर थोडा भार द्या आणि तीच नोट परत सरकवा. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता असेल तर तो वाकतो, नळीला चिकटतो आणि नोट मधेच अडते. शेतात बायपॉडवर (दस्त्याखालच्या दोन पायांच्या टेकूवर) वजन टाकलंत की हेच होणार आणि गोळी दोनतीन इंच भलतीकडेच जाणार, आणि तुम्ही आठवडाभर स्कोपला शिव्या घालणार. नोट अडली म्हणून रायफल नाकारायची असं नाही, फक्त टेकवताना दस्ता मागे, मॅगझिनच्या जवळ टेकवायचा, किंवा शूटिंग स्टिक्स वापरायच्या. मी बायपॉड काढूनच ठेवलाय.

स्कोपवर मात्र कंजूषी नको, इथे मी स्वतः पोळलोय. माझी पहिली रायफल स्कोप लावूनच आली होती, कंपनीचं नाव सांगत नाही, सगळं एकाच खोक्यात, मी खूश. रेंजवर नेम ठीक लागला. मग पंधरा दिवस ती पिकअपच्या मागच्या सीटवर कच्च्या रस्त्याने आदळत राहिली. पुढच्या शनिवारी पहाटे गवतात बसलो, कॉलरवर (प्राण्यांचे आवाज काढणाऱ्या यंत्रावर) सशाची किंकाळी लावली, आठव्या मिनिटाला कोयोटी आला, वाऱ्याचा वास घेत अर्धं वर्तुळ मारून बरोब्बर ९० यार्डांवर थांबला. बार केला. त्याच्या मागे हातभर वर धूळ उडाली. तो पळालासुद्धा नाही लगेच, वळून माझ्याकडे बघत उभा राहिला, झालं का तुझं, अशा तोंडाने. घरी येऊन स्कोप हाताने हलवला तर अख्खा डगडगत होता, रिंगचे (स्कोप धरणाऱ्या कड्यांचे) दोन स्क्रू बोटाने फिरत होते. तेव्हा सेटमधला स्कोप आला तरी स्क्रू काढून, पुसून, टॉर्क रेंचने सांगितलेल्या मापाला परत आवळा. नाहीतर सरळ नुसती रायफल घ्या आणि दोनशेच्या आसपासचा व्होर्टेक्स क्रॉसफायर किंवा जमलं तर ल्यूपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम, ३-९ पट भरपूर झालं. कोयोटी येतो पहाटे आणि दिवेलागणीला, त्या अंधुक उजेडात काच चांगली नसेल तर करड कुठलं आणि कोयोटी कुठला कळत नाही. आणि स्कोप नेहमी सगळ्यात कमी पटीवर ठेवून बसा, ९ वर ठेवलात आणि तो ४० यार्डांवर उगवला की काचेत नुसते केस दिसतात.

गोळ्या घेताना एकाच प्रकारच्या दहा पेट्या उचलू नका. तीन वेगवेगळ्या, २०-२० च्या, ५० ते ५५ ग्रेनच्या, पातळ आवरणाच्या, आत शिरून फुटणाऱ्या, हॉर्नाडी व्ही-मॅक्ससारख्या. तुमच्या नळीला त्यातली एक आवडेल, हे नळीनळीचं लग्न असतं, पत्रिका बघून कळत नाही. १०० यार्डांवर बाकावरून दीड इंचात तीन गोळ्या पडल्या की पुरे, कोयोटीच्या छातीतली मर्माची जागा चारपाच इंचांची धरा. नेम २०० यार्डांना लावा, म्हणजे १०० ला गोळी दीडेक इंच वर लागेल, तुमच्या अख्ख्या शेतात वरखाली धरायची गरजच नाही. ३०० ला मात्र ती सातेक इंच खाली जाते, पण कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सोडलं तर ३०० तुमच्याकडे नाहीच. वारा बघा, ताशी १० मैलांचा आडवा वारा २०० यार्डांवर ही गोळी चारपाच इंच सरकवतो.

हिशोब असा: रायफल ४००, रिंग-बेस ४०, स्कोप २००, उरलेल्या १६० च्या गोळ्या आणि कानावरचे मफ. मफ विसरू नका, एका बारानेही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

राहिलं लायसन्स. कोयोटी तुमच्या जनावरांवर हल्ला करतोय, करायच्या बेतात आहे किंवा नुकताच करून गेलाय, तर टेक्सासमध्ये त्याला मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. पण हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला टेक्सासमध्ये शिकारीला तो लागतोच, आणि ज्याचा अनुभव जत्रेतल्या फुग्यांचा आहे त्याने तर नक्कीच.

प्रश्न: काका, मी एच-१बी वर आहे, वय २८. ऑफिसातल्या मित्रांबरोबर कोयोटीच्या शिकारीला जायचंय. एक मित्र ग्रीन कार्डवाला आहे, तो म्हणतो रायफल माझ्या नावावर घेतो, तू पैसे दे. चालेल ना?

उत्तर: अजिबात नाही, आणि त्या मित्रालाही हे दाखव. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात बंदूक खरोखर तुम्हीच घेताय का असा प्रश्न असतो. तुझ्या पैशाने तुझ्यासाठी घेऊन त्याने "हो" लिहिलं की झाला स्ट्रॉ परचेस, २०२२ च्या फेडरल कायद्यात त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. तुझी नोकरी आणि त्याचं ग्रीन कार्ड दोन्ही जाऊ शकतं, चारशे डॉलरच्या रायफलपायी.

सरळ रस्ता आहे की. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, पण अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकार लायसन्स असेल तर सूट मिळते. म्हणजे आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन्स, मग दुकान. आणि बरेच जण इथे चुकतात, ते लायसन्स संपलं की सूटही संपली, रायफल कपाटात तशीच राहिली तर घोटाळा. रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणंसुद्धा बाळगण्यात येतं. राज्याचे नियम वर वेगळे, इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूक मालकाचं ओळखपत्र), न्यू जर्सीत फायरआर्म्स परचेसर आयडी कार्ड लागतं. तू स्टेटस बदलायच्या मधल्या काळात असशील तर इमिग्रेशनच्या वकिलाला शंभर डॉलर दे आणि विचार, माझ्या पत्रावर विसंबू नकोस.

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात असतो. वरच्यासारखीच स्वस्त .२२३ घेतली तर इथे काही वेगळं बघायचं का?

उत्तर: हो, गोळी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कोयोटी धरून. मग तांब्याची घ्यावी लागते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीतला पीळ (आतल्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा) घट्ट हवा. जुन्या .२२३ रायफलींमध्ये १२ इंचात एक फेरा असायचा, तो नको. अ‍ॅक्सिसला ९ इंचात एक आहे, अमेरिकन प्रेडेटरला ८ इंचात एक, दोन्ही चालतील. जुनी रायफल कुणाकडून घेत असाल तर पीळ विचारूनच घ्या.

प्रश्न: माझी उंची पाच फूट एक इंच, त्यात डावखुरी. नवऱ्याची रायफल खांद्याला लावली की डोळा स्कोपपर्यंत पोचतच नाही. तो म्हणतो सवय होईल.

उत्तर: सवय नाही, मानदुखी होईल, आणि स्कोप कपाळावर बसला तर खोक. नेहमीचा दस्ता ट्रिगरपासून खांद्यापर्यंत साडेतेरा-पावणेचौदा इंच असतो. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्टचा साडेबारा आहे, तुमच्या उंचीला तोच बघा. अ‍ॅक्सिसमध्ये डाव्या हाताच्या बोल्टचं मॉडेल निघतं, तुम्ही डावखुऱ्या, तेव्हा तेही हातात घेऊन बघा, नाहीतर दर बारानंतर उजव्या बाजूचा बोल्ट ओढायला खांद्यावरून रायफल उतरवावी लागते आणि तेवढ्यात दुसरा कोयोटी निघून जातो, ते बऱ्याचदा जोडीने येतात. तुम्ही तुमची वेगळी घ्या, नवऱ्याला सांगा काका म्हणाले.

प्रश्न: ओळखीच्यांकडे वापरलेली रेमिंग्टन ७०० स्वस्तात मिळतेय. नवीन अ‍ॅक्सिसपेक्षा बरी का?

उत्तर: असू शकते, १९६२ पासूनचं मॉडेल आहे, अ‍ॅक्शन दणकट. पण मे २००६ ते एप्रिल २०१४ मधली असेल तर तिच्यात एक्स-मार्क प्रो ट्रिगर असू शकतो, कंपनीने तो एप्रिल २०१४ मध्ये परत मागवला होता कारण ट्रिगर न दाबता बार होण्याचा धोका होता. ते काम करून घेतलंय का विचारा, नसेल तर ट्रिगर बदलल्याशिवाय काडतूस घालू नका. बाकी बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा, गंज किंवा खड्डे दिसले तर नमस्कार करून निघा.

प्रश्न: मराठी मासिकाने मुक्या प्राण्यांना मारायचे सल्ले द्यावेत हे पटत नाही. कोयोटी मारून प्रश्न सुटतो का?

उत्तर: तुमचा राग मला कळतो, आणि अर्ध्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूला आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ अमेरिकेने कोयोटीला गोळ्या, सापळे, विष सगळं करून बघितलं, आणि तो प्रेअरीतून निघून हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोचला. एक मेला की त्याची जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो. त्यामुळे दिसेल तो कोयोटी मारत सुटायचं याला माझा विरोध आहे. शेळीची चव लागलेला ठरावीक कोयोटी दिवसाढवळ्या कुंपणात येतो तेव्हा त्याच्यासाठी रायफल, एवढंच माझं म्हणणं.

आणि म्हणूनच पहिल्या पत्रवाल्यांना, आता तुम्ही दोघंही वाचताय तर सांगतो, रायफल यायची वाट न बघता करडं रात्री बंद गोठ्यात घ्या, विणारी शेळी घराजवळ बांधा, कुंपणाच्या खालच्या फटी बुजवा, कोयोटी उडी मारण्यापेक्षा खालून उकरून जास्त येतो. आणि ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन जातीचं राखणीचं कुत्रं बघा, पिल्लू असल्यापासून शेळ्यांतच वाढवायचं, दोनेक वर्षं लागतात त्याला तयार व्हायला. फक्त पिरेनीज रात्रभर भुंकतो, त्या रँचर शेजाऱ्याकडून गोळीचा कागद लिहून घ्यायला जाल तेव्हा हेही कानावर घालून ठेवा.